वुजूच्या पाण्यावरची बाग

बारामती आणि इंदापूर ही नावे घेतली की लोकांना आधी ऊस आठवतो. मग साखर कारखाने, द्राक्षे, डाळिंब, पेरू आणि अर्थातच राजकारण. फुलांचे नाव कोणी काढत नाही. त्यात नवल काही नाही. हे दोन्ही तालुके पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीपासून दूर, पर्जन्यछायेत येतात. मावळ-मुळशीवर कोसळणारे ढग आमच्यापर्यंत येतात ते जवळजवळ रिकामे होऊन. वर्षभरात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही पुष्कळदा परतीचा. मार्च सरला की पारा चाळिशीकडे निघतो. अशा मुलखात अंगणात फुले लावायची तर पहिला प्रश्न मातीचा नसतो, पाण्याचा असतो.

तरीही या भागातल्या मुस्लिम वस्त्यांतून उन्हाळ्यात फिरून पाहा. घर पत्र्याचे असो की स्लॅबचे, दाराशी तेलाच्या जुन्या डब्यात सब्जा असतो, भिंतीला टेकून मोगरा असतो, मागच्या बाजूला मेंदीचे झुडूप असते. आपल्या आडनावांतही ही बाग आहेच. बागवान, तांबोळी, अत्तार, फुलारी ही नावे फळांच्या, पानांच्या, सुगंधाच्या आणि फुलांच्या व्यवसायातून आली. आज त्यांतले कोणी शिक्षक आहे, कोणी रिक्षा चालवतो, कोणी परदेशात नोकरी करतो. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या हाताला अजून मातीची सवय आहे.

आमचे घर बारामतीत आणि आजोळ इंदापुरात. दोन्हींमध्ये साधारण ५० किलोमीटरचे अंतर. परीक्षा आटोपल्या, पेपर तपासून निकाल लागले, की घरातली सगळी माणसे इंदापूरची वाट धरतात. जाताना पिशवीत आंबे, बिस्किटे असतात तशी कागदात गुंडाळलेली रोपेही असतात. येताना तिकडची रोपे इकडे येतात. अशा देवघेवीतून दोन अंगणांत जी उन्हाळी बाग उभी राहिली, तिच्याविषयी हा लेख आहे.

झाडांच्या नावांचा रस्ता

बारामतीहून इंदापूरला जाताना गावांची नावे वाचत जावे. पिंपळी, लिमटेक, काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी. आषाढात याच रस्त्याने संत तुकाराम महाराजांची पालखी पंढरपूरला जाते. आम्ही जातो तेव्हा आषाढाला अवकाश असतो आणि रस्त्यावर फक्त ऊन असते. पिंपळ, लिंब, बेल, निंब, केतकी अशी झाडे गावांच्या नावांत आहेत. तिकडे भीमेच्या काठाला पळसदेव आहे, म्हणजे पळसही आला. केतकी म्हणजे केवडा. बिर्याणी आणि खिरीत आपण ज्याचे पाणी शिंपडतो तोच. निमगाव केतकी आज ओळखले जाते ते पानमळ्यांसाठी. उन्हाळ्यातही त्या मळ्यांत शिरले की सावली आणि ओल अंगाला लागते. शेवरी, शेवगा, पांगारा यांच्या आधाराने नागवेली चढवलेल्या असतात. नाजूक वेल या कोरड्या मुलखात टिकवायचा, तर त्याला आधी दुसऱ्या झाडाची सावली द्यावी लागते, हे इथल्या शेतकऱ्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. घरच्या बागेतही आम्ही हेच केले आहे.

एप्रिलमध्ये या वाटेवर गुलमोहर आणि बहावा फुललेले दिसतात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि बहावा इथलाच, पण दोघेही ऐन उन्हात फुलतात. पालखी मार्ग रुंद झाल्यापासून रस्त्यावरची जुनी सावली विरळ झाली आहे. त्यामुळे एखादा बहावा दिसला की गाडीतली मुले आपोआप ओरडतात.

पाण्याची गोष्ट मात्र या रस्त्यावर दर काही किलोमीटरला बदलते. भाटघरच्या पाण्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा सुरू झाला आणि बारामतीचे दोन भाग पडले. कालव्याखालचा बागायती आणि त्याच्या वरचा जिरायती. पुढे इंदापूरकडे जाताना कालवा शेपटाला येतो. तिथे आवर्तन कधी मिळणार, हाच उन्हाळ्यातला मुख्य विषय असतो. इंदापूरच्या उत्तरेला उजनीचे पाणी समुद्रासारखे पसरलेले आहे. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्या पाण्यात गावे गेली, पळसदेवचे जुने मंदिर गेले. ज्या उन्हाळ्यात पाणी फार खाली उतरते, त्या उन्हाळ्यात ते मंदिर पुन्हा बाहेर येते आणि लोक पाहायला जातात. एवढा जलाशय तालुक्याच्या उशाला असूनही दक्षिणेकडच्या गावांत टँकर फिरतात.

जास्त पाण्याचेही दुखणे आहेच. कालव्याखालच्या काळ्या जमिनीत पाणी साचून क्षार वर येतात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले डॉ. हॅरॉल्ड मान यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींचा अभ्यास विसाव्या शतकाच्या आरंभीच केला होता. आज बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था दुष्काळ, उष्णता, क्षार अशा ताणांवरच संशोधन करते. म्हणजे आपल्या कुंडीतल्या झाडाची पाने टोकाला का करपतात, हा प्रश्न फक्त आपल्या घरापुरता नाही.

एका दिवसाचे फूल

आमच्या बागेतले सर्वांत जास्त विचारले जाणारे झाड म्हणजे डे लिली. इंदापूरच्या मामूंनी ती पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनातून आणली होती. आणली तेव्हा गवताच्या जुडीसारखे एक रोप होते. नानींनी ते पाहून विचारले, "ये घास काय कू लाये?" मार्चच्या अखेरीस त्या गवतातून दोन-अडीच फुटांचा दांडा वर आला, त्यावर दहा-बारा कळ्या धरल्या आणि एका सकाळी भगव्या-केशरी रंगाचे, हाताच्या पंजाएवढे फूल उघडले. संध्याकाळी ते मिटले. दुसऱ्या दिवशी त्याचा लगदा झाला होता आणि शेजारची कळी उमलली होती.

नावाला लिली असली तरी ही खरी लिली नव्हे. खऱ्या लिलीला कांद्यासारखा कंद असतो. डे लिलीला जाड, मांसल मुळ्या असतात आणि त्यांत ती पाणी व अन्न साठवते. तिचे शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस ग्रीक भाषेतले आहे. त्याचा अर्थ 'एका दिवसाचे सौंदर्य'. मूळ देश चीन, कोरिया, जपान. चीनमध्ये हे झाड आईशी जोडलेले आहे. जुन्या काळी दूर प्रवासाला निघणारा मुलगा आईच्या दालनापाशी ही झाडे लावून जाई, म्हणजे फुले पाहून तिची काळजी हलकी होईल, अशी तिकडची परंपरा. हे सांगितल्यावर नानी हसल्या. त्यांचा एक मुलगा आखातात आहे. त्या दिवसापासून 'घास' हा शब्द बंद झाला.

चीनमध्ये काही जातींच्या कळ्या वाळवून रश्श्यातही घालतात. आपण तो प्रयोग करू नये. रोपवाटिकेतल्या रोपांवर औषधे मारलेली असतात आणि जातीही वेगवेगळ्या असतात. आणखी एक सूचना महत्त्वाची. घरात मांजर असेल तर लिली आणि डे लिली तिच्या आवाक्यात ठेवू नयेत. पान, फूल, पराग, काहीही पोटात गेले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे नावच मांजरीच्या पिल्लावरून पडलेले. त्यांचे नाव प्रेमाने घेणाऱ्या घरांनी एवढी काळजी घ्यायलाच हवी. आमच्या बारामतीच्या घरात मांजर आहे, म्हणून तिथे डे लिली गच्चीवर कुलूपबंद दाराआड असते. इंदापुरात मांजर नाही, तिथे ती अंगणात असते.

बागेतले पाच वक्त

नानींना घड्याळ नीट दिसत नाही. उन्हाळ्याच्या दिवसांत त्या अंगणातल्या बाजेवर बसून फुलांवरून वेळ सांगतात आणि सहसा चुकत नाहीत. स्वीडनच्या कार्ल लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५१ मध्ये अशीच कल्पना मांडली होती. कोणते फूल किती वाजता उघडते आणि मिटते यांची नोंद करून त्याने फुलांचे घड्याळ सुचवले होते. नानींचे घड्याळ नमाजच्या वेळांचे आहे.

फजरनंतर उजाडते तेव्हा डे लिली उघडत असते. पाकळ्या मागे वळतात ते पाहायचे असेल तर नमाजनंतर पुन्हा झोपून चालत नाही. चाश्तच्या सुमारास, ऊन चढले की, चिनी गुलाब उघडतो. याला आपल्याकडे 'ऑफिस टाइम' म्हणतात, कारण तो दहाच्या सुमारास कामावर हजर होतो. जुहरच्या वेळी बाग मान टाकून असते. त्या वेळी फक्त सदाफुली ताठ दिसते. उर्दूत तिला सदाबहार म्हणतात. दोन्ही भाषांनी तिच्यात एकच गुण पाहिला.

असरच्या आसपास गुलबक्षी उमलते. इंग्रजीत हिच्या नावात चार वाजल्याचा उल्लेख आहे. आपल्याकडे हिला गुलबासही म्हणतात आणि तो शब्द फारसीतल्या गुल-ए-अब्बासवरून आला. वर्गात मुलांना हे सांगितले की त्यांना मजा वाटते. मराठीतला गुलाब, गुलमोहर, गुलछडी, गुलदाउदी, गुलकंद हे सारे 'गुल'वाले शब्द मुलांना फळ्यावर लिहायला दिले की तास कधी संपतो ते कळत नाही. एकाच घरात आजी गुलबास म्हणते, आई गुलबक्षी म्हणते आणि उर्दूच्या पुस्तकात गुल-ए-अब्बास असते. फूल तेच असते.

मगरिबला मोगरा. त्याला उर्दूत मोतिया म्हणतात. कळ्या उन्ह उतरताना खुडून ओल्या फडक्यात ठेवल्या की रात्री उमलतात. मधुमालतीची नवी फुले याच वेळी पांढरी उमलतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात, मग लाल. इशाच्या वेळी रातराणी आणि निशिगंध. निशिगंधाला उर्दूत गुल-ए-शब्बो म्हणतात. 'निशि' आणि 'शब' दोन्हींचा अर्थ रात्र. हे फूल मूळचे मेक्सिकोचे, आणि इथे आल्यावर दोन्ही भाषांनी त्याच्या रात्रीच्या सुगंधावरूनच त्याला नाव दिले.

मुले एकदा नानींना म्हणाली, की एवढी मेहनत घेऊन फूल एकच दिवस टिकत असेल तर काय उपयोग? नानी म्हणाल्या, "फूल कू अपना वक्त मालूम रहता, बेटा. वक्त पे आता, वक्त पे जाता." त्यांनी पुढे उपदेश केला नाही. पण त्या सुट्टीत फजरला उठवण्यासाठी मुलांना फारशा हाका माराव्या लागल्या नाहीत. कोणत्या कळीचा आज नंबर आहे हे आधी कोण सांगतो, यावर पैजा लागत होत्या.

टँकरचा उन्हाळा

२०२३ च्या पावसाळ्यात आभाळ रुसले. ऑक्टोबरमध्ये राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत बारामती आणि इंदापूर दोन्ही होते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे झाला. आम्ही इंदापूरला पोहोचलो तेव्हा नळाला आठवड्यातून एखाद्या वेळी पाणी येत होते आणि वाड्यावस्त्यांवर टँकरपुढे हंड्यांच्या रांगा होत्या.

पहिल्याच संध्याकाळी मुलीने झारी उचलली आणि खाली ठेवली. तिने विचारले, "नानी, लोक पाण्यासाठी रांगेत आहेत. आपण फुलांना घालायचं का?"

प्रश्न बरोबर होता आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर चालणारे नव्हते. त्या रात्री जेवणानंतर घरात यावर चर्चा झाली. मामू म्हणाले, बाग सोडून द्यावी, अल्लाहने पाऊस दिला की पुन्हा लावू. मामी म्हणाल्या, मोगरा अब्बांच्या हातचा आहे, तो तरी वाचवा. अब्बा म्हणजे आमचे नाना. त्यांच्या कबरीवर ठेवायला सब्जा आणि मोगरा याच अंगणातून जातो. नानी बराच वेळ ऐकत होत्या. मग त्यांनी विचारले, "वजू का पानी कहाँ जाता?"

ते मोरीतून गटारात जात होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोजले. नळ चालू ठेवून वुजू केले आणि खाली बादली ठेवली. एका माणसाचे सरासरी चार लिटर भरले. घरात पाच नमाजी, पाच वक्त. म्हणजे दिवसाला १०० लिटर. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) एका 'मुद्द' पाण्यात वुजू करत, असे बुखारी आणि मुस्लिम शरीफच्या हदीसांत येते. मुद्द म्हणजे ओंजळभर माप, एक लिटरपेक्षाही कमी. वाहत्या नदीच्या काठी असतानाही वुजूत पाणी उधळू नये, ही शिकवण इब्ने माजाच्या हदीसमध्ये आहे. आपण हे सारे मुलांना तोंडपाठ करून घेतो. पण नळाच्या तोटीखाली ते मोजून पाहत नाही.

मामूंनी माळ्यावरून जुना बधना काढला. बधन्याने वुजू केले की सव्वा लिटर पुरेसे होते. पाच माणसांच्या पंचवीस वुजूंचे साधारण ३० लिटर. म्हणजे जवळजवळ ७० लिटर पाणी वाचले आणि ते पिण्याच्या टाकीतच राहिले. आणि जे ३० लिटर वापरले गेले ते आता गटारात जाणार नव्हते. फिकहच्या भाषेत याला मा-ए-मुस्तअमल म्हणतात. त्याने पुन्हा वुजू होत नाही, पण झाडाला ते घालता येते. त्यात साबण नसतो, तेल नसते, मीठ नसते. झाडाला याहून चांगले सांडपाणी घरात दुसरे नाही.

नियम एकच ठरला. पिण्याच्या टाकीतला एक थेंब बागेला नाही आणि वुजूचा एक थेंब गटाराला नाही. अंगणाच्या कडेला चार विटा आणि एक जुनी फरशी ठेवून वुजूसाठी ओटा केला आणि त्याचा उतार मोगऱ्याच्या आळ्याकडे दिला. ३० लिटरमध्ये सगळी बाग जगणार नव्हती, त्यामुळे निवड करावी लागली. हिरवळीचा तुकडा सोडून दिला. गुलाबाच्या चार कुंड्या होत्या, त्यांना रोज पाणी लागते. त्या सोडताना मामींचे डोळे भरले, पण त्यांनीच त्या बाजूला ओढून ठेवल्या. मोगऱ्याला, सब्जाला आणि पक्ष्यांच्या परातीला रोज पाणी. डे लिलीला चौथ्या दिवशी. मे फ्लॉवरचे कांदे मातीत झोपलेले होते, त्यांना काहीच नाही.

त्या वर्षी डे लिलीने तीनच दांडे दिले. फुले लहान आली, काहींच्या पाकळ्यांच्या कडा दुपारपर्यंत भाजल्या. पण ती मेली नाही. मुळ्यांत साठवलेले पाणी तिने पुरवून वापरले. मोगऱ्याच्या कळ्या मोजक्या होत्या. एका शुक्रवारी त्यांतल्या ओंजळभर कळ्या आणि सब्जाचा एक जुडगा मामूंनी कबरस्तानात नेला.

पावसाळा लागल्यावर पाहिले तेव्हा गुलाब गेले होते, हिरवळ गेली होती, गुलबक्षी बियांतून पुन्हा उगवत होती आणि डे लिलीच्या तीन जुड्यांच्या पाच झाल्या होत्या. पावसाळा चांगला झाला आणि उजनी भरली. वुजूचा ओटा मात्र तसाच राहिला. आता बारामतीच्या घरीही तो आहे.

ज्यांना लावायचे आहे त्यांच्यासाठी

हे वाचून कोणाला उन्हाळी बाग करावीशी वाटली, तर आमच्या दोन्ही अंगणांतला अनुभव असा.

डे लिली पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये लावावी. जुनी जुडी तीन-चार वर्षांनी उपटून तिचे भाग करता येतात. पाने वीतभर ठेवून कापावीत, मुळ्यांची टोके छाटावीत आणि पाने-मुळे जिथे मिळतात तो भाग मातीत इंचभरच खाली ठेवावा. काळी माती तशीच वापरू नये. पावसाळ्यात तिच्यात पाणी तुंबते आणि मुळे कुजतात. एक भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड हे मिश्रण चांगले. सकाळचे ऊन हवे, दुपारची सावली हवी. सुकलेले फूल रोज खुडावे. बोअरचे पाणी क्षाराचे असेल तर महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर पाणी निथळू द्यावे, आणि त्यासाठी शक्यतो पावसाचे साठवलेले पाणी वापरावे.

मोगऱ्याची छाटणी थंडी संपता संपता करावी. छाटणीआधी काही दिवस पाणी तोडावे, नंतर शेणखत देऊन पाणी सुरू करावे. नव्या फुटीवरच कळ्या येतात. न छाटलेला मोगरा नुसता पाने वाढवतो.

मे फ्लॉवर, म्हणजे फुटबॉल लिली, मूळची आफ्रिकेची. वर्षातून एकदाच, एप्रिल-मेमध्ये, पानांच्या आधी लाल चेंडू येतो. थंडीत तिची पाने पिवळी पडतात तेव्हा झाड मेले असे समजून कांदा फेकू नये. रेन लिलीचे कांदे मात्र वळवाची वाट पाहतात. मे अखेरीस एक जोराची सर पडली की तीन-चार दिवसांत गुलाबी फुलांची रांग उभी राहते. कितीही झारी घातली तरी त्या पावसाची सर तिला येत नाही.

सब्जा प्रत्येक घरात हवाच. कुरआनात सूरह रहमानमध्ये अल्लाहच्या देणग्यांत धान्याबरोबर सुगंधी रैहानचा उल्लेख आहे आणि त्याच सूरहमध्ये तोल बिघडवू नका ही ताकीदही आहे. कोणी रैहान दिला तर नाकारू नये, कारण तो उचलायला हलका आणि वासाला चांगला, असे मुस्लिम शरीफच्या हदीसमध्ये आहे. सब्जा त्याच रैहानच्या कुळातला. त्याचे तुरे वाळले की बिया शरबतासाठी ठेवाव्यात आणि मूठभर पुढच्या पेरणीसाठी. त्याच्या फुलांवर मधमाश्या दिवसभर असतात. आसपासची शेते कोरडी पडलेली असताना त्यांना तेवढाच आधार.

पाणी टिकवण्यासाठी आपल्या भागात फुकटचे साधन आहे ते उसाचे पाचट. आळ्यात चार बोटे पाचट पसरले की माती लवकर सुकत नाही. गळका माठ असेल तर तो टाकू नये. दोन झाडांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरावा, वुजूचे पाणी त्यात ओतावे आणि वर झाकण ठेवावे. पाणी हळूहळू झिरपत मुळांपर्यंत जाते. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रावर जानेवारीत 'कृषिक' प्रदर्शन भरते, तिथे ठिबकचे नवे प्रकार पाहायला मिळतात. ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावे. पण सुरुवात माठाने करता येते.

मशिदीच्या अंगणात

एक हिशोब सगळ्यांनी मिळून करावा असा आहे. एखाद्या मशिदीत जुमाला २०० नमाजी आले आणि प्रत्येकाचे चार लिटर पाणी गेले, तर एका दुपारी ८०० लिटर झाले. तोटी बारीक केली तर ते निम्म्यावर येईल. उरलेल्या ४०० लिटरला गटाराऐवजी एखाद्या आळ्याची वाट दाखवली, तर मशिदीच्या अंगणात किंवा कबरस्तानाच्या कडेने वीस-पंचवीस झाडे उन्हाळा काढतील. लिंब, बहावा, ताम्हण अशी झाडे लावावीत. ताम्हण तर आपल्या राज्याचे फूल. मुस्लिमाने लावलेल्या झाडाचे काही माणसाने, जनावराने किंवा पाखराने खाल्ले तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरते, ही हदीस आपल्याला माहीत आहेच. मय्यत घेऊन भर मेमध्ये कबरस्तानात उभे राहिलेल्या माणसाला सावलीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

यासाठी मोठा निधी लागत नाही. एक प्लंबर, दहा-बारा फूट पाइप आणि जमाअतमधल्या चार माणसांचा एक रविवार लागतो. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या विश्वस्तांपुढे हा विषय गेल्या महिन्यात ठेवला आहे. त्यांनी जागा पाहून घेतली आहे आणि पाऊस पडल्यावर खड्डे घेऊ असे सांगितले आहे. डे लिलीच्या पाच जुड्यांपैकी दोन तिकडच्या ओट्याशेजारी लावायच्या ठरल्या आहेत.

तोपर्यंत प्रत्येक घराने एवढे करून पाहावे. उद्या फजरला नळाखाली बादली ठेवून वुजू करावे आणि किती लिटर भरले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावे. आठवडाभर घरातल्या सगळ्यांचे आकडे लिहावेत. मग ते पाणी कोणत्या झाडाला द्यायचे, हे घरातल्या सगळ्यात लहान मुलाला ठरवू द्यावे.